जिना, पॅसेज आणि कट्टा: सोसायटीच्या सामायिक जागेत कला व रचनेतून मनाला आधार कसा द्यावा

दार लावून राहण्याची सवय झालेल्या आपल्या इमारतींत माणसाला माणूस भेटतो तो जिन्यात, लिफ्टपाशी, गेटजवळच्या कट्ट्यावर किंवा गच्चीवर. या जागा सगळ्यांच्या असतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणीच लक्ष देत नाही, आणि तरीही प्रत्येक रहिवासी दिवसातून निदान दोनदा त्यांतून जातो. मुले परगावी गेल्यावर एकटे राहणारे आजोबा, बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने घरातच असलेली सून, दहावीच्या परीक्षेच्या धास्तीत असलेला मुलगा, रात्रपाळी करून सकाळी परतणारी परिचारिका, या सर्वांसाठी उंबऱ्याबाहेरचे पहिले जग म्हणजे हा पॅसेज असतो. तो अंधारा, ओल आलेला आणि रागावलेल्या सूचनांनी भरलेला असेल, तर बाहेर पडणे आणि घरी येणे या दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या जड होत जातात. ही जागा कला आणि साध्या रचनेच्या मदतीने कशी बदलता येईल, हे पहिल्यांदाच असे काम हाती घेणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे. आम्ही हे काम आमच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत केले, त्यामुळे बहुतेक उदाहरणे तिथलीच आहेत.

सुरुवातीलाच एक अपेक्षा स्पष्ट असावी. चित्र, रंग, उजेड आणि बसायला जागा यांमुळे रोजचा ताण हलका होऊ शकतो आणि माणसे एकमेकांशी बोलू लागतात, पण ही उपचारांची जागा घेणारी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातही आजार टाळण्यात, आरोग्य टिकवण्यात आणि उपचारांना साथ देण्यात कलेचा हातभार लागतो, असेच म्हटले आहे. ज्याला झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते किंवा मनातल्या भीतीमुळे घराबाहेर पडता येत नाही, अशा व्यक्तीला डॉक्टरांची आणि समुपदेशकांची गरज असते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक जिन्यातल्या फलकावर ठळक अक्षरांत लावणे हे या संपूर्ण कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक पाऊल आहे, म्हणून ते पहिल्याच दिवशी उचलावे.

पहिली पायरी: आठ दिवस नुसते पाहणे

रंगाचे डबे आणण्याआधी आठ दिवस जागेचे निरीक्षण करावे. एक वही घ्यावी आणि सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री दहा अशा चार वेळांना खाली उतरून पंधरा मिनिटे उभे राहावे. कोण कुठे थांबते, कोण कुठून भराभर निघून जाते, कुठला दिवा लुकलुकतो, कुठे वास येतो, कुठल्या कोपऱ्यात गप्पा होतात आणि कुठल्या कोपऱ्याकडे कोणी पाहतही नाही, हे साध्या वाक्यांत लिहून ठेवावे. ज्या जागी माणूस बसणार किंवा झोपणार आहे तिथे आपण स्वतः बसून किंवा आडवे होऊन पाहणे महत्त्वाचे आहे. फिनलंडमधील पायमिओ येथे १९३३ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधून पूर्ण झाले. त्याची रचना करताना वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यांनी हाच विचार केला होता. दिवसभर पडून असलेल्या रुग्णाला समोर छतच दिसते, म्हणून खोल्यांचे छत डोळ्यांना न खुपणाऱ्या गडद हिरव्या रंगाने रंगवले गेले, आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून पाण्याचा आवाज होणार नाही अशा उताराचे बेसिन तयार केले गेले. आपल्या जिन्यात एवढे सूक्ष्म काम होणार नाही, पण वापरणाऱ्याच्या नजरेतून पाहण्याची ही सवय मात्र आपल्यालाही लावून घेता येते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या चौकात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज संध्याकाळी थांबत असत. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातातली भाजीची पिशवी पायरीवर ठेवून ते श्वास घेत, आणि पिशवी उचलण्यासाठी पुन्हा वाकताना त्यांना चक्कर आल्यासारखे होई. मी तिथे कोकणातल्या समुद्रकिनाऱ्याचे एक मोठे चित्र लावायचे ठरवले होते आणि ते त्यांना दाखवलेही. ते म्हणाले, "चित्र चांगलं आहे, पण पिशवी कुठे ठेवू ते आधी सांग." त्या एका वाक्याने कामाचा क्रम बदलला. आम्ही भिंतीला हाताच्या उंचीवर एक मजबूत आकडा बसवला आणि वर उचलून भिंतीला टेकवता येईल अशी घडीची लाकडी बैठक लावली. चित्र नंतर आले, आणि तेही बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे मध्यबिंदू जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर येईल असे लावले. उभ्याने पाहायचे चित्र असेल तर हाच मध्यबिंदू १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा.

दुसरी पायरी: विचारणे

लोकांना "तुम्हाला ताण आहे का?" असे विचारू नये. या प्रश्नाने माणूस अवघडतो आणि उत्तर देण्याचे टाळतो. त्याऐवजी "येता-जाता कुठे थांबावेसे वाटते, आणि कुठून लवकर निघून जावेसे वाटते?" असे विचारावे. वॉचमन दादा, सफाई करणारे कामगार आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांना विसरू नये. सामायिक जागेत सर्वांत जास्त वेळ तेच असतात, आणि दुपारच्या डब्यासाठी त्यांना बसायला जागा नसते ही गोष्ट बहुतेक सोसायट्यांत कोणाच्या लक्षातही आलेली नसते. मुलांना विचारताना कागद आणि खडू द्यावेत, कारण मुले प्रश्नापेक्षा कागदावर जास्त मोकळी होतात.

या जागेला "मानसिक आरोग्य कोपरा" असे नाव देण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिथे बसणाऱ्याकडे शेजारी वेगळ्या नजरेने पाहू लागले तर ज्याला त्या जागेची खरी गरज आहे तोच तिथे बसणार नाही. साधे "कट्टा" म्हणावे, "वाचनाची बाकं" म्हणावे, किंवा काहीच नाव देऊ नये.

तिसरी पायरी: परवानगी

सामायिक जागा संस्थेची असते, त्यामुळे व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्यावा. अर्जासोबत जागेचा फोटो, साधे रेखाचित्र, अंदाजित खर्च आणि देखभाल कोण करणार याचा उल्लेख असावा. खर्च मोठा असेल किंवा भिंतीचे रूप कायमचे बदलणार असेल, तर विषय सर्वसाधारण सभेत मांडणे योग्य ठरते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून पावसाळ्यातच तयारी करून ठेवली तर मंजुरीनंतर दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी असताना, रंगकाम सुरू करता येते. जिना आणि बाहेर पडण्याचे मार्ग आगीच्या वेळी मोकळे असणे कायद्यानेही बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे कुंड्या, कपाटे किंवा कायमची बाके कधीही ठेवू नयेत. वर सांगितलेली घडीची बैठकसुद्धा चौक पुरेसा रुंद होता आणि मिटल्यावर ती वाटेत येत नव्हती म्हणूनच आम्ही लावली.

चौथी पायरी: आधी त्रास दूर करणे

निरीक्षणाच्या वहीतून त्रासांची यादी तयार होते, आणि त्यात बहुधा उजेड सर्वांत वर असतो. जिन्यात अनेकदा ६५०० केल्व्हिनचे (केल्व्हिन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर) पांढरेफटक दिवे उघडेच लावलेले असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांत खुपतो आणि चेहरे निस्तेज दिसतात. बसण्याच्या जागी २७०० ते ३००० केल्व्हिनचा उबदार प्रकाश आणि पायऱ्यांवर ४००० केल्व्हिनच्या आसपासचा स्वच्छ प्रकाश चांगला जुळतो, आणि दिव्यावर दुधी आवरण असावे. पायरीच्या कडेला पायरीपेक्षा वेगळ्या रंगाची पट्टी मारली की मंद दृष्टीच्या माणसालाही कड ओळखू येते. मात्र पायऱ्यांवर किंवा जमिनीवर ठळक नक्षी काढू नये, आणि फिकट फरशीवर काळी पायपुसणी टाकू नयेत. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला असा काळा चौकोन खड्ड्यासारखा भासू शकतो आणि ती तिथेच भीतीने थबकते.

दुसरा त्रास ओलीचा. ओल आलेल्या भिंतीवर काढलेले कोणतेही चित्र पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे धरते, आणि लोकांनी मन लावून केलेले काम डोळ्यांदेखत सोलून निघताना पाहणे हे काही न काढण्यापेक्षा वाईट असते. म्हणून गळणारा पाइप आणि भिंतीतली भेग यांची दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. आवाजाचे उपाय बरेच सोपे असतात: करकरणाऱ्या गेटला तेल, आपटणाऱ्या दाराला रबर, लिफ्टच्या घंटीचा आवाज कमी करणे.

तिसऱ्या त्रासाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकतात म्हणून तिथे देवांच्या फरशा बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. हेतू समजण्यासारखा असला तरी मला ती पद्धत मनापासून पटत नाही. एक तर अनेक धर्मांच्या श्रद्धास्थानांना आपण थुंकीच्या पहाऱ्याला उभे करतो, आणि दुसरे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर अविश्वास दाखवतो. आम्ही त्या कोपऱ्याला फिकट पिवळा रंग दिला, वर एक दिवा लावला आणि पहिल्या मजल्यावरच्या मुलांनी काढलेले पक्ष्यांचे छोटे चित्र फ्रेम करून तिथे टांगले. खाली मुलांची नावे आणि इयत्ता लिहिली. ओळखीच्या मुलांची नावे लिहिलेली भिंत घाण करणे माणसाला जड जाते, असा आमचा अनुभव आहे, आणि उजेड असलेला कोपरा मुळात कमी घाण होतो.

पाचवी पायरी: सूचनाफलक

इमारतीत सर्वांत जास्त वाचली जाणारी भिंत म्हणजे सूचनाफलक, आणि बहुतेक ठिकाणी तो लाल शाईतल्या ताकिदींनी आणि थकबाकीदारांच्या यादीने भरलेला असतो. नोकरी गेलेल्या माणसाने रोज जिना चढताना आपले नाव आणि फ्लॅट क्रमांक त्या यादीत वाचावा, यासारखी मन खचवणारी रचना दुसरी नसेल. वसुलीची नोटीस संबंधितांना बंद लिफाफ्यात देता येते. फलकाचे तीन भाग करावेत: एकात आवश्यक सूचना, दुसऱ्यात डॉक्टर, रुग्णवाहिका, टेलि-मानस यांचे क्रमांक, आणि तिसरा भाग रहिवाशांसाठी मोकळा ठेवावा. सूचनांची भाषाही बदलावी. "येथे चपला ठेवल्यास दंड" या ओळीऐवजी "रात्री जिन्यात अडखळायला होते, चपला कपाटात ठेवाव्यात" असे लिहिले तर नियम तोच राहतो, पण वाचणाऱ्याला कोणी आपल्यावर खेकसले असे वाटत नाही. अक्षर मोठे आणि सुटसुटीत असावे, पांढऱ्या कागदावर काळे असावे, आणि जुन्या सूचना महिनाअखेरीस काढून टाकाव्यात.

सहावी पायरी: भिंतीवरचे चित्र

आता चित्राकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. कोणत्या रंगाने मन शांत होते आणि कोणत्या रंगाने उत्साह येतो याचे तक्ते सगळीकडे फिरत असतात. त्यांवर विसंबून राहू नये, कारण रंगाचा परिणाम जागेतला उजेड, वापरणाऱ्यांच्या आठवणी आणि आजूबाजूचे रंग यांवर अवलंबून असतो. अंधाऱ्या जिन्याला फिकट आणि चमक नसलेला रंग द्यावा, एवढे एक सूत्र पुरेसे आहे. विषयाच्या बाबतीत मात्र निसर्गाकडे झुकायला आधार आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. सर्वांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती, निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान होता, आणि खिडकीतले खरे झाड व भिंतीवरचे झाड एकच नव्हे, तरीही खिडकी नसलेल्या जिन्यात झाड, पाणी किंवा डोंगर यांचे चित्र निवडायला मी कचरत नाही.

एकत्र मिळून काहीतरी बनवण्याची रीत आपल्याला नवी नाही. दिवाळीत मुले सोसायटीच्या आवारात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात आणि मातीचे मावळे उभे करतात, तेव्हा एरवी न बोलणारी घरेही पोती, विटा आणि पाणी पुरवत असतात. दारापुढची रांगोळी हेही तेच आहे. म्हणून भिंतीला हात लावण्याआधी एका रविवारी गेटसमोर सर्वांची मिळून एक मोठी ठिपक्यांची रांगोळी काढावी. खर्च नाही, बिघडली तर संध्याकाळी पुसता येते, आणि कोणाला कोणाबरोबर काम करायला आवडते हे तिथेच कळते.

चित्राची निवड सर्वांनी करावी. तीन कच्ची चित्रे चौकात आठवडाभर लावून ठेवावीत, शेजारी टिकल्यांची पाकिटे ठेवावीत आणि ज्याला जे आवडेल त्याखाली त्याने एक टिकली लावावी. नाव लिहावे लागत नाही, हात वर करावा लागत नाही, त्यामुळे सभेत कधीच न बोलणारी माणसेही यात भाग घेतात. आमच्याकडे गेटजवळच्या गुलमोहराला सर्वांत जास्त टिकल्या मिळाल्या, आणि समितीला आवडलेले आधुनिक वळणाचे चित्र मागे पडले. ते निमूटपणे मान्य करणे आवश्यक असते.

वारली शैलीची निवड झाली तर थोडी जास्त जबाबदारी येते. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने ही चित्रे काढली जातात. त्यातला लग्नचौक हा पालघाट देवीशी आणि विवाहविधीशी बांधलेला आहे, त्यामुळे तो शोभेसाठी लिफ्टशेजारी उतरवणे उचित नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर पोहोचवली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि आज डहाणू, जव्हार, तलासरी या भागांतले अनेक चित्रकार बाहेर जाऊन काम करतात. त्यांच्यापैकी कोणाला तरी रीतसर मानधन देऊन बोलवावे आणि त्यांच्या हाताखाली शिकावे.

भिंतीच्या तयारीत एक धोका लक्षात ठेवावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. जुना रंग कोरडा खरवडू नये, भिंत ओली करून घासावी, तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवावे. त्यानंतर पुट्टी, प्रायमर आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इमल्शन हा क्रम ठेवावा. कच्च्या चित्रावर आणि भिंतीवर समान संख्येने चौकटी आखल्या की नवख्या माणसालाही प्रमाण साधते. बाह्यरेषा चांगला हात असलेल्या एक-दोघांनी काढाव्यात आणि रंग भरण्याचे काम सर्वांसाठी ठेवावे.

रंगकामाच्या दिवशी कोणालाही ब्रश घेण्याचा आग्रह करू नये. रंग कालवणे, चिकटपट्टी लावणे, चहा आणणे, शिडी धरणे ही सगळी कामेच आहेत. चौथ्या मजल्यावरच्या एक काकू, ज्या यजमान गेल्यापासून फारशा खाली उतरत नसत, त्या दिवशी दोन तास बादलीत फक्त ब्रश धूत बसल्या होत्या. कोणी काही म्हटले नाही. सगळे आवरत असताना त्या उठल्या, उजवीकडच्या खालच्या फांदीवर त्यांनी गुलमोहराचे एकच फूल काढले, चार लाल पाकळ्या आणि पाचवी पांढरट, लाल ठिपक्यांची, जशी खऱ्या फुलाला असते तशी. बाकी आम्ही सर्वांनी पाचही पाकळ्या लाल रंगवल्या होत्या. आता त्या जाता-येता त्या फुलाला बोट लावतात, आणि तेवढ्या जागेवरचा रंग गुळगुळीत झाला आहे.

सातवी पायरी: हिरवाई आणि बैठक

ऊन न येणाऱ्या जागी मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि अग्लोनेमा टिकतात. कुंड्या वाटेबाहेर, लहान मुलांच्या हाताला न लागतील अशा ठेवाव्यात, आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर डासांची पैदास होते. बाकाची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावी आणि त्याला हात असावेत, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना आधार लागतो. दोन बाके समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवली तर बोलायचे असेल त्याला बोलता येते आणि गप्प बसायचे असेल त्याला कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. एक बाक मात्र थोडे दूर, एकट्यासाठी ठेवावे.

आठवी पायरी: देखभाल

तीन महिन्यांनी पहिलीच वही घेऊन त्याच चार वेळांना पुन्हा पाहणी करावी. लोक थांबतात का, बाक रिकामे राहते का, कोणी जागेवर कब्जा केला आहे का, वॉचमन दादांना डबा खाताना उठवले जाते का, हे लिहावे आणि जे चालत नाही ते काढून टाकायला कचरू नये. फलकाचा मोकळा भाग दर महिन्याला एका मजल्याकडे सोपवावा, म्हणजे ओझे एकाच उत्साही माणसावर पडत नाही.

उरलेला रंग फेकून देऊ नये. प्रत्येक छटा लहान हवाबंद बरणीत भरावी, बरणीवर रंगाचे नाव, कंपनीचा छटा क्रमांक, तारीख आणि तो चित्रात कुठे वापरला आहे हे लिहावे, आणि बरण्या संस्थेच्या कार्यालयातल्या कपाटात ठेवाव्यात. सायकलच्या हँडलने भिंतीवर ओरखडा पडला की त्याच आठवड्यात तो बुजवता येतो, आणि ज्याने तो भाग रंगवला होता त्यालाच ब्रश घेऊन बोलावता येते.